एका मिनिटाचे श्वास

गेल्या रविवारी कूलरच्या जाळीतली वाळ्याची घास बदलली. होळी झाली की दरवर्षी हे काम माझ्याकडे येतं, कारण जुन्या घासेची धूळ नाकात गेली की आमच्या ह्यांना शिंका सुरू होतात आणि मोजून अकरा झाल्याशिवाय थांबत नाहीत. नवी घास जाळीत दाबून बसवली, टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला आणि ओल्या वाळ्याचा पहिला गार झोत तोंडावर आला. मी तिथेच पाटावर बसून राहिले. ह्यांनी पेपरमागून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. वास छान येतोय."

खरं तर मी आमच्या बैठकीत नव्हतेच. तीन उन्हाळ्यांमागे ज्या वॉर्डात मी शिकायला उभी राहिले, तिथे खिडकीला असाच एक भलामोठा कूलर होता. फिनाईल, घाम, सालं काढलेली संत्री आणि या सगळ्यांवर हा ओला वाळा. तो वास आला की माझा उजवा हात आपोआप कुणाचं तरी मनगट शोधायला लागतो.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. त्याआधी सोळा वर्षं घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. आमच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमची खटखट दिवसभर चालते, तिच्यावर आवाज चढवून प्रमेय सांगायचं म्हणजे घशाची परीक्षाच. माझ्या शिकवणीत एकच कायदा होता. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नाही तर शून्य. शेजारच्या वहीतून उचललेलं उत्तर मला लांबून ओळखू यायचं आणि ते पकडण्यात मला जरा जास्तच आनंद व्हायचा, हे आज कबूल करते. मग मुलांच्या हाती मोबाईल आले, शिकवण्या त्यात शिरल्या आणि माझ्या सतरंजीवर तीन मुलं उरली. त्याच सुमारास नदीवरच्या राजघाटाकडे जाताना एका भिंतीवर नर्सिंग असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा कागद दिसला. वयाची अट नाही, असं लिहिलं होतं. मी आत गेले.

वर्गात सगळ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आंटी करून टाकलं. मला वाटलं होतं, इंजेक्शनं शिकवतील. पहिला आठवडाभर हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांची टोकं. इतकी वर्षं मी हात धुतच नव्हते, नुसते ओले करत होते, असं लक्षात आलं. मग चादर घालायला शिकवलं. चादरीला एक सुरकुती राहिली तर ती माणसाच्या पाठीला रात्रभर टोचते आणि ज्याला स्वतः हलता येत नाही तो त्या सुरकुतीचं काहीच करू शकत नाही. अंग पुसताना जेवढं पुसायचं तेवढंच उघडं करायचं, बाकी झाकलेलं ठेवायचं, आणि हात लावण्याआधी विचारायचं. बेशुद्ध माणसालाही विचारायचं. हे ऐकून पोरी हसल्या. मी हसले नाही. माझ्या अंगावर शहारा आला होता.

त्या दिवसांत मी जे ऐकेन त्याने थक्क होऊन घरी यायचे. माणूस दोन तास एकाच कुशीवर पडून राहिला की खालच्या कातडीचं रक्त अडतं, ती लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. म्हणून हलता न येणाऱ्या पेशंटला दर दोन तासांनी वळवायचं. मग आपल्याला का नाही तसं होत? एका रविवारी दुपारी हे जेवून झोपले आणि मी वही घेऊन शेजारी बसले. दीड तासात त्यांनी सात वेळा कूस बदलली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते जागेही नव्हते. आत कुणीतरी बसून त्यांची कातडी सांभाळत होतं. वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याकडे इतक्या कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. उठल्यावर त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता झोपेतही पेपर तपासणार का?"

वॉर्डात आमच्यावर निर्मला सिस्टर होत्या. इच्छापूरहून रोज सकाळच्या बसने यायच्या. कपाळावर देवीचं कुंकू, अंगाने काडी, आणि चपलांचा आवाज न करता मागे येऊन उभं राहायची सवय. मी गणिताची बाई होते हे कळल्यावर त्या मला मॅडमच म्हणायला लागल्या. त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. एकदा चहा पिताना मी म्हटलं, आमचं काम तसं हलकंच की, औषध डॉक्टर देणार, सलाईन तुम्ही लावणार. त्यांनी कप खाली ठेवला.

"हलकं? ऐका मॅडम. गावात आशाताई हाये, तिच्यावर उपकेंद्र, मंग हा दवाखाना, अन् इथून नाई झालं तर इंदूर. एवढी मोठी लाईन हाये. पण डॉक्टर राऊंडले येते दिवसातून दोन बार. मी येते तासाभरानं. पेशंटजवळ दिवसभर कोण हाये? तुमी. तुमाले जे दिसलं, तेच कागदातून वर जाते. तुमी नाई पाह्यलं, तं इंदूरच्या मोठ्या डॉक्टरले बी नाई दिसत."

त्या दिवशी घरी जाताना मी दवाखान्याच्या इमारतीकडे वळून पाहिलं. एवढे मजले, एवढी यंत्रं, अँब्युलन्सची ये-जा, आणि हे सगळं एका बाईच्या पाहण्यावर टेकलेलं. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

सगळ्यात नवल वाटलं ते श्वास मोजण्याचं. ताप काचेत दिसतो. नाडीला तुम्ही काहीही सांगा, ती तुमचं ऐकत नाही. श्वास मात्र बुजतो. मोजतोय म्हटलं की तो पाहुण्यांपुढे गाणं म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखा वेगळाच वागायला लागतो. म्हणून पेशंटला सांगायचं नाही. नाडी पाहते म्हणून मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. छाती वर गेली, खाली आली, एक. असं पूर्ण एक मिनिट. आपण जन्मल्यापासून हे करतोय आणि कुणी पाहिलं की आपल्याला ते जमत नाही, याचं मला आजही हसू येतं.

मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास ठीक. पण दहा पेशंट म्हणजे नुसत्या श्वासांची दहा मिनिटं, त्यात मध्येच कुणाला पाणी हवं, कुणाला भांडं हवं. म्हणून वॉर्डात एक चाल पडून गेली होती. ताप मोजायचा, नाडी मोजायची आणि श्वासाच्या रकान्यात अठरा लिहायचं. अठरा हा मोठा सज्जन आकडा आहे. कमीही नाही, जास्तही नाही. पोरींनी मला तो दुसऱ्याच आठवड्यात शिकवला. "आंटी, सगळे हेच लिहितात." मी आधी नाक मुरडलं. मग वैशाख आला, वॉर्ड भरला, आणि मीही लिहायला लागले.

सात नंबरच्या खाटेवर फोपनारचे दगडूआप्पा होते. सत्तरीचे, केळीवाले. बागेत पाण्याच्या दांडात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण उठायला मनाई होती. शेजारी स्टुलावर त्यांची बायको कस्तुराकाकू, पदराने वारा घालत. आप्पांचा जीव बागेत. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की केळीची पानं फाटतात, म्हणून दर तासाला विचारायचे, "मास्तरीणबाई, बाहेर हवा कशीक हाये?" मी सांगायचे, झाडाचं पान हलत नाही. ते मला खोटारडी म्हणायचे. आमची दोस्ती झाली ती मोजण्यावरून. केळीच्या घडाला फण्या किती हे ते कधी अंदाजाने सांगत नसत. "व्यापारी बांधावरूनच पाह्यते अन् म्हणते, आठ फण्या. मी म्हणतो, भाऊ, घडाजवळ ये. हात लाव. मोज." मी म्हटलं, आप्पा, तुम्ही माझ्या शिकवणीत असता तर पहिले आला असता. ते लहान मुलासारखे लाजले.

आणि याच माणसाच्या कागदावर मी त्या दिवशी सकाळी दहाला अठरा लिहिलं, दुपारी दोनला अठरा लिहिलं.

चार वाजता निर्मला सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात माझा क्लिपबोर्ड होता. त्या ओरडल्या नाहीत. कागद माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाल्या, "दहा माणसं अन् एकच सांस, मॅडम?" मग मला सात नंबरवर घेऊन गेल्या, आपल्या हातातलं घड्याळ काढून दिलं आणि म्हणाल्या, "मोजा."

मी इतकी घाबरले होते की शिकलेलं सगळं विसरले. तोंडातून निघून गेलं, "आप्पा, जरा तुमचे श्वास मोजते हं." झालं. आप्पा सावरले, छाती फुगवली, डॉक्टरांना दाखवतात तसा लांब, ऐटदार श्वास घेऊन दाखवायला लागले. तीन-चार श्वासांतच ते दमले आणि ओठांजवळची कातडी निळसर दिसली. सिस्टरांनी त्यांचं मनगट हातात घेतलं, "नाडी पाहू द्या आप्पा," म्हणाल्या आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी छातीकडे पाहिलं. आप्पांचं लक्ष काकूंकडे गेलं होतं. आता छाती आपल्या मनाने चालत होती. भराभर, उथळ, बरगड्यांमधली कातडी आत ओढत. मी मोजत होते आणि आकडा वर वर चालला होता. वीस झाले तरी मिनिट संपेना. चौतीस.

त्यानंतर जे झालं ते मी भिंतीला टेकून पाहिलं. सिस्टरांनी फोनवर डॉक्टरांना चार वाक्यांत सगळं सांगितलं: कोण, कितवा दिवस, काय बदललं, आत्ता किती. डॉक्टर आले. ऑक्सिजन लागला. एक्स-रेचं चाकांचं मशीन घरघरत आलं. पडून राहून छातीत कफ धरला होता आणि ताप यायच्या आधीच श्वासाने ते सांगायला सुरुवात केली होती. ती लांबच लांब लाईन, जिची सिस्टरांनी चहा पिताना गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत जागी झाली. एका आकड्यावर एवढे लोक धावले. तोच आकडा मी दिवसभर अडवून धरला होता.

डॉक्टर जाता जाता माझ्याकडे वळले. "अच्छा हुआ, टाइम पर पकड़ लिया." कस्तुराकाकूंनी ते ऐकलं. त्या उठल्या, माझ्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माह्या लेकीनं वाचवलं वं बाई," त्या रडत म्हणाल्या. मी त्यांचे हात धरून उभी राहिले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

सिस्टर मला टेबलाजवळ घेऊन गेल्या. मी खोडरबर शोधत होते. त्या म्हणाल्या, "खोडायचं नाई. गिरवायचं नाई. एक रेघ मारा, अशी का खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले लिहा, चुकीची नोंद, मोजलं नव्हतं. अन् सही करा." मी अठरावर रेघ मारली. रेघेखालून तो स्वच्छ दिसत होता. मी सोळा वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शून्यं काढली, हे शून्य माझं स्वतःचं होतं. "आप्पांना सांगू का?" मी विचारलं. "ते तुमचं तुमी ठरवा," त्या म्हणाल्या. "कागदावर मात्र खरंच पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरले तर सात नंबरची खाट रिकामी. कोरी चादर, चारी कोपरे घट्ट. चादर कधी बदलतात हे मला आता माहीत होतं.  तेवढ्यात सिस्टरांच्या टेबलाशेजारच्या खाटेवरून, ऑक्सिजनच्या मास्कमधून घोगरा आवाज आला, "मास्तरीणबाई, हवा कशीक हाये?" मी नळापाशी जाऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट, कारण तोंड लपवायला वॉर्डात तेवढी एकच जागा होती.

पुढचे सोळा दिवस मी आप्पांचे श्वास मोजले. पूर्ण मिनिट, घड्याळावर. चौतीस, बत्तीस, तीस, एकदा पुन्हा बत्तीस, मग अठ्ठावीस. घाट उतरल्यासारखा तो आकडा रोज थोडा खाली यायचा आणि मी मनातल्या मनात इच्छापूरच्या इच्छादेवीला नारळ बोलायचे. मी मनगट धरलं की आप्पा तोंड खिडकीकडे करायचे. बाहेर एक कडुनिंब आणि मोटरसायकली, बाकी काही नाही. मला वाटायचं, हवेचा अंदाज घेतायत. फोपनारला निघाले त्या दिवशी वीस होते. ते वीस मी दोनदा मोजून लिहिले.

परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी मला नेमकं तेच करायला सांगितलं. मी मनगट धरून उभी राहिले. अर्ध्या मिनिटाने त्या म्हणाल्या, "दुप्पट करून सांगा, पुढच्या मुली थांबल्यात." मी मान हलवली आणि मोजत राहिले. त्यांनी किती गुण दिले ते ठाऊक नाही. पास झाले. आता मी त्याच वॉर्डात नोकरीला आहे. नवीन पोरी येतात, त्यांना अठरा कुणी शिकवण्याआधी मी गाठते, आणि मग माझ्या रेघेची गोष्ट सांगते. सगळ्यांना सांगून झाली. एकाच माणसाला सांगितली नव्हती.

आणि तो माणूस दर उन्हाळ्यात फोपनारहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती केळीचा घड पाठवतो. दाराशी घड आला की हे खूश, आणि मला घास जात नाही. यंदाही परवा आला. फण्या दहा. मी ह्यांना म्हटलं, मी फोपनारला जाऊन येते.

आप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. काठी शेजारी, समोर बाग, कडेने हिरवी जाळी बांधलेली. लू सुटली होती आणि जाळी फडफडत होती. कस्तुराकाकू पाणी आणायला आत गेल्या. मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दहाचा अठरा, दोनचा अठरा, मोजले नव्हते, वाचवलं मी नाही, सिस्टरांनी.

आप्पा जाळीकडे पाहत होते. "मले मालूम हाये," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाले सांगते? त्या दिवशी माह्या छातीत जड जड वाटू राह्यलं होतं. म्हटलं, मास्तरीण येईन तं सांगू. तू आली, नाडी पाह्यली, अन् माह्याकडे न पाहताच लिहून चालली गेली. दोन बार." त्यांनी शेजारची काठी नीट टेकवली. "मंग मी बी नाई बोललो. म्हटलं, हिनं लिहून टाकलं, म्हंजे ठीकच असन."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"रडू नको वं बाई. मंग सोळा दिवस कोन मोजत होतं? तू नाडी म्हणे, पण मले समजे. म्हणून तं मी तिकडे तोंड करे, त्या निंबाकडे. तुह्याकडे पाह्यलं का सांस आपोआप शहाणी होऊन जाय. मंग तुले चूक लिहा लागलं असतं पुन्हा."

काकू पाणी घेऊन आल्या आणि आम्हा दोघांच्या तोंडांकडे पाहत उभ्या राहिल्या. आप्पांनी हात पुढे केला, मनगट वर करून. मी ते धरलं. नाडी पाहिली, मग हात तसाच धरून ठेवला, आणि त्यांनी तोंड बागेकडे फिरवलं. छाती वर गेली, खाली आली. एक. लू वाहत होती, केळीची पानं सळसळत होती, आणि सदऱ्याखाली तो म्हातारा भाता कुणाच्याही हुकुमाशिवाय चालला होता. मिनिट संपलं. 

"कितीक?" आप्पांनी बागेकडे पाहतच विचारलं.

"अठरा," मी म्हणाले, आणि माझा आवाजच मला खोटा वाटला. "थांबा आप्पा, पुन्हा मोजते."

"मोज," ते म्हणाले, आणि पुन्हा केळींकडे पाहत बसले.